दोन पाटीलक्या

मु. पाली, मार्गशीर्ष शुद्ध ३, शके १८४७

रा. रा. सुंदरराव भाऊजी यांस, साखराबाईचा आशीर्वाद. वि. वि.

त्या सकाळी मी ओसरी सारवत होते. गाईची धार काढायची राहिली होती. तुम्ही कागद पुढं केलात आणि म्हणालात की बाईमाणसाला चावडीवर बसता येत नाही. दादांची सारावसुलीची माली पाटीलकी वहिनींच्या नावावर राहील, काम मी गुमास्ता म्हणून पाहीन, हेही तुमचेच शब्द. ह्यांना जाऊन तेरावा महिना होता. हात धुऊन सही केली. वाचता येत असून वाचलं नाही, ही चूक माझी.

काल म्हाळू धनगर मेंढरं घेऊन इथं माझ्या भावाच्या दारावरून गेला. पाठीवर वळ आहेत. माली पाटलाच्या हक्कानं तुम्ही गायरान बंद केलंत, पोलीस पाटील म्हणून तुम्हीच त्याला धरलंत, आणि चावडीवर बसून फटकेही तुम्हीच सुनावलेत. तो विचारत होता, गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडं.

ह्यांच्या ट्रंकेतली जुनी वर्तमानपत्रं मी अक्षर लावून वाचते. त्यात विलायतेच्या कारभाराचं लिहिलंय : कायदा करणारा एक, चालवणारा दुसरा, न्याय करणारा तिसरा. आपल्याकडे तेवढं नसलं तरी एका गावात पाटील दोन आहेत. तुम्ही धरलेला माणूस हे सोडवून आणत, तेव्हा तुम्ही आठ आठ दिवस अबोला धरायचात. गावाचं त्यात बरं चालायचं.

गायरान उघडा, नाहीतर गुमास्तेगिरी सोडा. जाऊबाईंना आशीर्वाद. उरला असेल तेवढा लोभ ठेवावा.

साखराबाई

मु. तलवाडा, मार्गशीर्ष शुद्ध ८

गं. भा. वहिनीसाहेबांस, सुंदररावचा दंडवत.

शिळे कागद वाचून बाईला दिवाणगिरी सुचली, हे चावडीवर वाचून दाखवलं. लोक लई हसले. विलायतेचं तलवाड्यात कावून? इथं निजाम सरकारचं राज्य हाय. हुजूर एकटेच कायदा करतात, एकटेच न्याय देतात, कुणाचं पोट दुखत न्हाई. म्हाळूची मेंढरं आता गायरानात दिसत न्हाईत. कारभार यालाच म्हणतात.

बद्रीनाथानं तुमचे कान भरले असणार. चुलतभाऊ असून त्यानं माझ्या एका कामाला हो म्हटलेलं न्हाई. गुमास्ता बदलायचा विचार असेल तर पालीतच ऱ्हावा. इथल्या घराला माझं कुलूप लागेल. दादा असते तर त्यांनीच तुम्हाला गप्प बसवलं असतं.

माया पातळ होऊ देऊ नये.

सुंदरराव

मु. पाली, मार्गशीर्ष वद्य १

रा. रा. सुंदरराव यांस,

तुमचं पत्र आप्पारावानं मोठ्यानं वाचायला घेतलं. मी भावाच्या हातातून ते काढून घेतलं आणि स्वतः वाचलं. ह्यांचं नाव पुढं केलेली ओळही वाचली. कुलपाचं म्हणाल तर त्या घरात माझी वाट बघणारं कुणी नाही. अर्धं घर माझं आहे, ते सावकाश मागेन.

बद्रीनाथ भाऊजींनी मला कधी एक ओळ लिहिलेली नाही. त्यांचं नाव तुम्हीच सुचवलंत. तुमच्या कामाला जो हो म्हणत नाही, तोच तुमच्या शेजारी बसायला हवा. लोभाचं मागाहून पाहू.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बीडला जिल्ह्याच्या तालुकदार कचेरीत गेले आणि तुमच्या जागी बद्रीनाथांचं नाव लिहून दिलं.

साखराबाई