कच्चा कोपरा

खडवली, ता. ८ जानेवारी १९५४

ती. दादास पंढरीचा शि. सा. न. वि. वि.

नदीकाठी खोली मिळाली. दिवसभर पाण्याकडे बघतो आणि कागद खराब करतो. उद्या कसाऱ्याकडे पायी निघेन.

माळ्यावरचं चित्र वीस तारखेच्या आत मुंबईला प्रदर्शनाच्या कचेरीत पोचवशील ना? पत्ता मागे चिकटवलाय. त्यात माणूस नाही, झाड नाही, नुसता पांढरा-करडा रंग. वहिनीला सांग, घाबरू नको. आपलं ठरलंय ते ध्यानात आहे: यंदाही निवड झाली नाही तर जूनपासून डोंबिवलीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर.

लोभ आहेच, तो राहू दे.
पंढरी

माजिवडा, ता. २२ जानेवारी

चि. पंढरी यास काळुरामचे अनेक आशीर्वाद.

यंदा मीठ बरं आहे. तुझं चित्र न्यायला खाली काढलं आणि अंगणात ठेवून बिडी संपेपर्यंत पाहिलं. तुझ्या वहिनीला भिंतीचा पोपडा वाटला, मला आपल्या मिठागराचा वाफा दिसला. पण उजवीकडचा खालचा कोपरा कच्चा आहे. पाण्यावर मिठाची पापडी धरायच्या आत फळी ओढली की मिठाबरोबर चिखल येतो, हे बाबांनी तुला कान पिळून शिकवलंय. कच्चा माल आपण वखारीत भरत नाही. म्हणून नेलं नाही. येऊन पुरं कर, मग पोचवतो.

तब्येतीस जपावे.
काळुराम

खडवली, ता. २ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

भटकून आलो तर तुझं पत्र. प्रदर्शन वर्षातून एकदाच भरतं, दादा. माझं वर्ष बुडवलंस आणि वर माझेच कान पिळलेस. राग आलाय, म्हणून राग लिहितो. जूनचं ठरलं तसं होईल. चित्र चुलीत घाल.

वहिनीस नमस्कार.
पंढरी

डोंबिवली, ता. २० फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न.

शाळेत हेडमास्तरांना भेटून आलो. त्याआधी चार दिवस घरी होतो; तू मिठागरावरच मुक्कामाला होतास. वहिनीने चहा दिला आणि चित्र समोर आणून ठेवलं. तिने ते चुलीत घातलं नव्हतं.

कोपरा कच्चाच होता. तारीख जवळ आली म्हणून एका दुपारी उरकला होता. खरवडून टाकला. मग रोज थोडा रंग, बाकी वेळ नुसतं बसणं. हात चालवण्यापेक्षा आवरणंच जड गेलं. आता तू बघ. मागच्या पत्रात फार बोललो, त्याची लाज वाटते.

मोठ्या मनाने पदरात घे.
पंढरी

माजिवडा, ता. १ मार्च

चि. पंढरी यास आशीर्वाद.

कोपरा पाहिला. पिकलाय. तुझ्या वहिनीला अजून भिंतच वाटते.

तारखेची चूक माझी. मीठ आज नाही तर चार दिवसांनी जातं, तसंच हे, असं धरून चाललो. तुझं वर्ष गेलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून जूनचं ठरलेलं मीच मोडतो. हेडमास्तरांना नाही म्हणून कळव. पावसाळ्याआधी मीठ गेलं की वखार रिकामी होते, दार उघडलं की उजेडही चांगला असतो. तिथे बसून रंगव. किल्ली तुझ्या वहिनीकडे ठेवली आहे.

पुढच्या जानेवारीला चित्र मीच नेईन. पण डिसेंबरात आधी मला दाखव.

काळुराम