घडीवरचा तारा

प्रिय बबडे,

निकाल लागला, पण तो शेवटी सांगणार. आधी पेपर कसा गेला ते ऐक. शेवटची ओळ आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, तेव्हा पानाचा खालचा भाग हाताने झाक.

एक्कावन्नाव्या वर्षी विज्ञानाच्या पदवीची प्रवेशपरीक्षा म्हणजे डोकं ठिकाणावर आहे ना, असं तुझ्या मामाने विचारलंच होतं. मीही ठरवलं होतं, यंदा नाही जमलं तर नाद सोडायचा आणि गुमान शिलाई मशीनवर बसायचं.

आणि दुसऱ्याच पानावर तारा! आकार आणि तापमान दिलंय, तेज काढा. हे गणित तू शिकवत होतीस तेव्हा माझी काय फजिती झाली होती, आठवतं? तारा सूर्याच्या दुप्पट त्रिज्येचा, दुप्पट तापलेला. त्रिज्येचा वर्ग गुणिले तापमानाचा चौथा घात, म्हणजे तेज यायला हवं चौसष्टपट, माझं दर वेळी सोळापट. फोनवर तू रडकुंडीला आलीस आणि मग एकदम ओरडलीस, आई, तू घडीवर मापलंस का! खरंच की. तीस वर्षं कापड दुमडून कापतेय. माप दिसलं की हात आधी निम्मं करतो. त्रिज्या मुळातच निम्मी असते, हे हाताला कोण सांगणार? ताऱ्याचा झगा तंग झाला म्हणून आपण दोघी किती हसलो होतो!

पेपरातला तारा तिप्पट त्रिज्येचा, तापमान मात्र सूर्याच्या निम्मं. या वेळी त्रिज्येला हात लावला नाही. तिचा वर्ग नऊ. तापमानाचा चौथा घात, म्हणजे चार वेळा निम्मं करायचं. ते मात्र मन भरून केलं. नऊ भागिले सोळा. एवढं थोरलं धूड आणि उजेड सूर्याच्या निम्म्याहून जरासाच जास्त! मला मामाच आठवला आणि खुदकन हसू फुटलं. पर्यवेक्षक बाईंनी डोळे वटारले.

पास झाले गं! यादीत चौदावी. यादीसमोर उभी राहून चक्क रडले, इतका आनंद झाला.

पत्र लिहायचं कारण मात्र वेगळंच. प्रवेश अर्जात पालकाचं नाव आणि सही असा रकाना आहे. कारकुनाला म्हटलं, अहो, माझे आईवडील कधीच गेले. तो म्हणाला, रकाना रिकामा चालत नाही, तुमचा अभ्यास कोण घेतं त्यांचं नाव घाला. मी क्षणभरही थांबले नाही. अर्ज सोबत जोडलाय. नात्याच्या जागी ‘मुलगी’ असं लिहिलंय. सही करून उलट टपाली पाठव.

तुझीच,
आई