पस्तीस टक्के पंपिंग

३ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. हार्ट फेल्युअर. नाव उगाच भयंकर ठेवलंय. पंपिंग पस्तीस टक्के. पस्तीस म्हणजे पास. चार गोळ्या, मीठ बंद. वनमालाने लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. नवऱ्याला विचारायची पद्धत नाही.

२२ फेब्रुवारी
बाकी ठणठणीत. फक्त वनमालाच्या बाबतीत तांत्रिक अडचण. तीनदा. ती म्हणाली, राहू द्या हो. मी म्हटलं, फॅनचा आवाज फार होतो.

२४ फेब्रुवारी
फॅन दुरुस्त. दोष फॅनचा नव्हता.

५ मार्च
डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं ठरवूनच गेलो. गंधाली मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. म्हणाल्या, काका, अजून काही त्रास? मी म्हटलं, अंगठ्याचं नख दुखतं. मलम मिळालं.

८ मार्च
मरोळच्या वर्कशॉपमध्ये हाताखालच्या केयूरला विचारलं. 'एका मित्राची' अडचण म्हणून. तो म्हणाला, गोळ्यांनी होतं असं, मित्राला धीर द्या. संशय आला नसावा. उद्यापासून सकाळची पांढरी गोळी बंद. बाकी तीन चालू. मी काही अडाणी नाही.

१५ मार्च
उद्या मनोरी. समुद्रकाठी कॉटेज बुक केलं. वनमालाला सांगितलं, हवापालट. दम लागतो थोडा, पण तो उत्साहाचा.

१९ मार्च, हॉस्पिटल
मनोरीच्या धक्क्यावर वीस पावलं चाललो. पुढचं वनमालाला माहीत. छातीत पाणी झालं होतं म्हणे.
मॅडमनी विचारलं, गोळी चुकली का? मी म्हटलं, आठवत नाही.
वनमाला म्हणाली, "चुकली नाही, थांबवली. आज पाकिटं मोजली मी. त्या गोळीमुळे जमत नाही असं वाटतं ह्यांना. मला काय हवंय ते विचारलं का कधी? मला हे घरी हवेत. जिवंत."
भर वॉर्डात. शेजारच्या बेडवरचे चंद्रप्रकाश उठून बसले.
मॅडम शांत. म्हणाल्या, काका, हे बऱ्याच जणांना होतं. कधी आजाराने, कधी गोळीने, कधी नुसत्या काळजीने. विचारलं असतंत तर गोळी बदलून बघितली असती. आता बघू.
चंद्रप्रकाशनी नव्या गोळीचं नाव लिहून घेतलं.

१२ एप्रिल
मॅडमचा नियम: दोन मजले दम न लागता चढता आले, की हरकत नाही. वनमालासमोर सांगितला. आज सकाळी परीक्षा. पहिला मजला सहज. मग पायरीवर बसलो, मुद्दामच. वनमाला वरून खाली आली, शेजारी टेकली. माझा हात हातात घेतला. सोडला नाही. बराच वेळ. म्हटलं, जमलं. पंचवीस वर्षांत असा हात धरला नव्हता हिने.
नाडी मोजत होती. एकशे अठरा.