रद्द तिकिटाच्या पाठीवर

थोरल्या,

तू दार लावून मीटिंगमध्ये बसलायस, म्हणून लिहितेय. मी तुझ्या मावशीकडे चालले. तीनदा तिकीट काढलंस, तिन्हीदा लॉकडाउनमुळे रद्द झालं, आणि पैसे परत आले की तू खूश. मला पैसे नको होते रे, बहीण हवी होती. म्हणे पुढच्या वर्षी जाऊ! तिची नजर तोवर टिकेल, असं तुझ्या मोबाइलात लिहून आलंय का? तिला माझा चेहरा दिसतोय तोवर मला जायचंय. दूधवाल्याची गाडी तिकडेच जाते, पुढे बसवून नेतो म्हणाला. मास्क लावलाय, बोंबलू नकोस. जेवण झाकून ठेवलंय.

परतीचं तिकीट मात्र काढू नकोस. तू काढलंस की रद्द होतं, आणि मला घरी परत यायचंय.

आई