भोंग्यावर आलेलं डोहाचं नाव

माय, आज सकाळी नातसुनेनं टीव्ही लावला तेव्हा मी भिंतीला टेकून चहा पीत होतो. टीव्हीवर एक बाई रोज सकाळी कोणाला तरी समोर बसवते आणि बोलतं करते. आज एक म्हातारा पेटीवाला होता. तिनं त्याला त्याच्या गेलेल्या लेकाबद्दल विचारलं आणि गप्प बसली. म्हातारा इकडेतिकडे पाहू लागला. मी कप खाली ठेवला. मला ठाऊक होतं, ती आता तोंड उघडणार नाही, त्यालाच उघडावं लागेल. तसंच झालं. तो बोलला आणि मग रडला. नातसून म्हणाली, "आबाजी, किती चांगलं विचारते न ही बाई?" मी हो म्हटलं आणि इकडे पडवीत येऊन वही काढली. तुला अक्षर येत नव्हतं. मी शहरात होतो तेव्हा पत्रं मास्तरांच्या नावानं टाकायचो, ते तुला वाचून दाखवायचे, म्हणून त्यांच्यासमोर सांगता येईल तेवढंच लिहायचो. आता मधे कोणी नाही.

तुला भोंगा आठवतच असेल. देशात नवं राज्य आलं होतं, गावोगाव विकासाचे साहेब फिरत होते. आपल्या चावडीला त्यांनी एक माईक, आवाज वाढवायची एक पेटी आणि लिंबाच्या फांदीला बांधायचा भोंगा दिला. गावात वीज कुठली? मोटारीची बॅटरी होती, ती दर आठ दिवसांनी एसटीच्या टपावर बसून ब्रह्मपुरीला जायची आणि भरून परत यायची. लोक म्हणायचे, गावात सगळ्यात जास्त फिरली ती बॅटरीच. चार बुकं शिकलेला आणि बाकीचं पुड्यांचे कागद वाचून शिकलेला मी, म्हणून मला सांगितलं, रोज सकाळी पेपर वाच. आठ दिवस वाचला. कोणी ऐकेना. नवव्या दिवशी पेपर आलाच नाही, तर मी चावडीपुढून चाललेल्या सुईणीला हाक मारली, बसवलं, चहा सांगितला आणि विचारलं, "बाई, या गावातली किती पोरं तुमच्या हातची?" ती माईककडे पाहून आधी म्हणाली, "यातून माह्या घरी ऐकू जाते काय?" मी म्हटलं, जाते. तर ती वाकून म्हणाली, "सुनबाई, चुलीवरचं दूध पाह्य, उतू जाईन." सारं गाव हसलं. त्या दिवसापासून पेपर बंद झाला आणि सकाळच्या गोष्टी सुरू झाल्या. रोज एक माणूस, एक कप चहा. चहाचा पहिला सुरका भोंग्यातून पार नदीपर्यंत ऐकू जायचा.

लोक म्हणायचे, याच्या जिभेवर सरस्वती आहे. खोटं होतं ते. माझी जीभ चालत नव्हती, मला थांबता येत होतं. आणि ते मी तुझ्याजवळ शिकलो. मी लहान होतो, आपण बोडीच्या पाळीवर, त्या एवढ्याशा तळ्याच्या काठी, गळ टाकून बसलेलो आहोत. मी सारखी काठी हलवतो, तू माझं मनगट धरून ठेवतेस. "चूप बस. पाण्याले वाटलं पाह्यजे, इथी कोणीच नाई." मी बसतो. मुंग्या चावतात, बसतो. आणि मग दोरी ताणते. माईकपुढे मी तेच करायचो. विचारायचं आणि बसून राहायचं. भोंग्यातली चुप्पी माणसाला सोसत नाही. सारं गाव आपल्याकडे कान लावून आहे असं वाटतं आणि आतलं बाहेर येतं. सरपंच चिडायचे. "काऊन रे, मुकं बसाले बॅटरी जाळून राह्यला काय?" पण तेही ऐकायचेच.

मामाला बोलाव, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझा मोठा भाऊ, आपल्या जाळं टाकणाऱ्या साऱ्या ढिवर घरांचा म्हातारा. नदीचं त्याला इतकं कळे की पाण्याचा रंग पाहून सांगायचा, आज झिंगे की मरळ. वैशाखात वैनगंगा आटली की मासळी डोहात जमा होते, हे तर कोणालाही ठाऊक असतं. पण त्यातला एक डोह आपली माणसं सोडून द्यायची. तिथं जाळं नाही, गळ नाही. तीच मासळी मिरगानंतर नाल्यांतून वर चढायची आणि साऱ्या बोड्या भरायची. आणि होळीपासून पाणी चढेपर्यंत त्या डोहाचं नाव कोणी तोंडातून काढायचं नाही, घरातसुद्धा नाही. तू भात वाढताना "तिकडचं" म्हणायचीस आणि आम्ही समजायचो.

वैशाखातल्या त्या सकाळी विकासाचे मोठे साहेब येऊन खुर्चीवर बसले होते. शहरातल्या रेडिओवर गावाकडच्या बोलीतला माणूस पाहिजे होता, म्हणून ते मला ऐकायला आले होते. समोरच्या चहाच्या टपरीवर सडकेच्या कामावरची माणसं होती, रोजच्यासारखी. त्यांचा तळ आपल्या गावाबाहेरच पडला होता. मामा धुतलेलं धोतर नेसून आला. सुरुवातीला चांगला रंगला, सासऱ्यानं जावयाची परीक्षा म्हणून त्याला कसं भर पुरात ढकललं होतं ते सांगून साहेबांनाही हसवलं. मग मी विचारलं, "मामा, इतकी वर्षं जाळं टाकलं, सगळ्यात मोठी मरळ कुठी पाह्यली तुम्ही?"

तोंडानं मी डोहाचं नाव विचारलं नव्हतं. पण उत्तर एकच होतं आणि ते मला ठाऊक होतं. मामा म्हणाला, "पाह्यली न. मांडीएवढी." आणि थांबला. मीही थांबलो. साहेब पुढे झुकले. मामानं चहा तोंडाला लावला, कप रिकामा होता. तो माझ्याकडे पाहतो आहे, बहिणीच्या लेकाकडे, की बाबू, दुसरं काही विचार. मी विचारत नाही. चार घरांपलीकडे कोंबडं आरवलं, ते भोंग्यात आलं. आणि मामानं नाव सांगितलं. सांगून हसला, उगाच हसतात तसा, आणि माईकवरून हात फिरवला, जसं काही सांडलेलं पुसतो आहे.

तिसऱ्या दिवशी सडकेवरच्या कोणी खडक फोडायची सुरुंगाची दारू नेली आणि त्या डोहात उडवली. आवाज गावात आला. आपण गेलो तेव्हा पाणी दिसत नव्हतं, पांढरी पोटंच दिसत होती. मोठी मासळी त्यांनी गोण्यांत भरून नेली होती, बाकीची तिथंच सडली. पोटात अंडी असलेली कितीतरी होती. मामा काठावर उकिडवा बसला. कोणी त्याला काही बोललं नाही, आणि मला वाटतं, बोललं असतं तर तो जास्त जगला असता. त्यानं जाळी गुंडाळून आढ्याला टांगली. त्या पावसाळ्यात बोड्यांत मासळी चढली नाही. पुढच्या वर्षीही नाही. तुझी टोपली अर्धी झाली, मग पाव झाली, मग तू दुसऱ्याच्या बांधीत रोवण्याला जाऊ लागलीस. जन्मभर बाजारात ताठ उभी राहून भाव सांगणारी बाई, कमरेत वाकून दुसऱ्याचं धान लावू लागली. शेजारची बाई तुला म्हणाली होती, "आता मासे सोडून चिखलच विका." तू हसून म्हणालीस, "विकीन, तुह्या घरचं गिऱ्हाईक पक्कं."

डोह उडाला त्या दिवशी मी जेवायला बसलो. तू चुलीपाशी. चार झिंगे घातलेला रस्सा आणि भात. बराच वेळ तू काही बोलली नाहीस, आणि मला कळलं, आपली विद्या आपल्यावरच चालते तेव्हा कसं वाटतं. मग म्हणालीस, "गळ टाकाले मी शिकवलं तुले. मामावर टाकाले कोणी शिकवलं?"

मी भात चिवडत होतो.

"मी आली होती चावडीपुढे. हातचं काम टाकून पळत आली. हात हालवून राह्यली होती. दिसली नाई काय तुले?"

"नाई माय. मी मामाकडे पाहून राह्यलो होतो."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "मंग ठीक." आणि तुझ्या ताटातले दोन झिंगे माझ्या ताटात टाकलेस.

साहेबांना मात्र ती सकाळ फार आवडली होती. जाताना म्हणाले होते, याला म्हणतात माणसाला बोलतं करणं. डोहाचं काय झालं हे त्यांना कोणी कळवलं नसेल, मीही कळवलं नाही. पावसाळा संपता संपता मला रेडिओचं बोलावणं आलं आणि मी गेलो. तिथं काचेच्या खोलीत सकाळी सकाळी शेतकरी, न्हावी, फॉरेस्टचे गार्ड, कितीजणांना बसवलं. नाव झालं. सुट्टीत एसटीतून उतरलो की लोक वळून पाहायचे. मग नवे शिकलेले आवाज आले, मला आधी आठवड्यातून एकदा बोलवू लागले, नंतर बोलावणं बंद झालं. त्याचं दुःख वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही. त्या खोलीत कोणी थांबला की मीच घाईघाईनं दुसरा प्रश्न टाकायचो. वरचे लोक म्हणायचे, याची पहिली धार राहिली नाही. बरोबर म्हणायचे. आणि धार टाकून दिली म्हणून डोह भरला काय? मी गेल्या उन्हाळ्यात नातवाच्या गाडीवर बसून गेलो होतो. रेती काढून काढून तिथं आता उथळ डबकं आहे, घोट्याएवढं. मी त्याला नाव सांगितलं नाही. इथंही लिहीत नाही. राखायला काही उरलं नाही, तरी लिहीत नाही.

तू मात्र शेवटपर्यंत माझी बाजू घेतलीस. मामाच्या तेराव्याला कोणीतरी विषय काढला, तर तू पदर खोचून उभी राहिलीस. "माह्या पोराले मी दिसली नाई. दिसली असती तर त्यानं तिथंच दुसरं काई विचारलं असतं." पुढे वर्षानुवर्षं, बांधीत, पाणवठ्यावर, आजारी पडलीस तेव्हा खाटेवरूनही तू हेच सांगितलंस. मामी तुझ्याशी बोलेनाशी झाली, तरी सांगितलंस. मी ऐकत होतो. रोज लोकांना बोलतं करणारा माणूस, तुझ्या खाटेशी बसून होतो आणि तू विचारायची वाट पाहत होतो. तू परत विचारलं नाहीस.

नातसून आताच येऊन गेली. "काय लिहिता आबाजी?" म्हटलं, जुनं काही. वाचते म्हणाली, तर वही मांडीखाली घेतली. हे पान मी फाडून चुलीत टाकीन. चूल नाही आता घरात, पण काडेपेटी आहे.

त्या सकाळी तू मासे साफ करता करता उठून आली होतीस. ऊन नुकतं चावडीसमोर आलं होतं. मामाच्या मागे, लिंबाखाली, तू दोन्ही हात वर करून नाही नाही करत होतीस, आणि तुझ्या हातांना कोपरापर्यंत खवले चिकटलेले होते. ते चमकत होते, माय. मला दिसले होते.