उताऱ्यात नसलेला भाऊ

८ जानेवारी
भाषेच्या विभागात पुन्हा नापास. प्रवेश परीक्षेची सराव चाचणीच होती, पण नापास ते नापासच. दिलेली सगळी उत्तरं बरोबर — फक्त निम्मेच प्रश्न सोडवून झाले. क्लासचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही उतारा वाचता. तिथेच चुकता." उतारा वाचायचा नसतो म्हणे. पहिली ओळ, शेवटची ओळ, टिक, पुढे. मग मधला मजकूर काय शोभेला छापतात?

चौदा वर्षं प्रकाशनात प्रुफं वाचतेय. माझ्या हातून स्वल्पविराम सुटत नाही, तिथे अख्खा उतारा कसा सुटणार?

११ जानेवारी
मालकांनी आज स्पष्टच सांगितलं. संपादकाची खुर्ची जूनमध्ये रिकामी होतेय. "काम तुम्हीच करताय हो, पण पदवी नाही ना." यंदा पदवीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर खुर्ची माझी, नाहीतर त्यांच्या भाच्याची. भाचाही हीच परीक्षा देतोय. त्याच क्लासला, माझ्याच मागच्या बाकावर. मला ताई म्हणतो. मुलगा वाईट नाही, पण अख्खं पुस्तक शेवटचं कधी वाचलं ते त्यालाही आठवायचं नाही.

मला ती खुर्ची हवी आहे. हे फक्त इथे लिहिते. बाहेर "बघू" म्हणते.

१९ जानेवारी
नवऱ्याने माझी तयारी मनावर घेतलीय. मोबाइलवर घड्याळ लावून समोर बसतो. भाजी निवडतानासुद्धा "अर्धा वेळ संपला"! आज घड्याळाकडे बघता बघता त्याचं दूध उतू गेलं. ओटा पुसायला मात्र मीच, आणि तेव्हा घड्याळ बंद.

२ फेब्रुवारी
एक उतारा न वाचता सोडवला. सगळं बरोबर आलं. फार वाईट वाटलं.

२३ फेब्रुवारी
परीक्षा झाली. सुरुवात झकास. सरांचं ऐकून भराभर पुढे चालले होते. मग दीपगृहाच्या राखणदाराचा उतारा आला. प्रश्न — त्याच्या धाकट्या भावाने नोकरी का सोडली?

उताऱ्यात धाकटा भाऊ नाहीच! थोरलाही नाही. राखणदार एकटा जीव. पुन्हा वाचला. परत एकदा वाचला. पर्यवेक्षक बाईंना बोलावलं. त्या कंटाळून म्हणाल्या, "कशावरही टिक करा हो, बाकीचे करतायत ना." जो माणूसच नाही त्याने नोकरी का सोडली, हे मी कसं ठरवणार? हात धजेना. कोरा सोडला. या सगळ्यात शेवटचा उतारा राहिलाच.

घरी नवरा म्हणाला, "आणि तू त्या भावाला शोधत बसलीस?" डोकंच फिरलं. तशीच उठले आणि परीक्षा मंडळाला तक्रार लिहून पाठवली.

२५ फेब्रुवारी
भाच्याला विचारलं. "कुठला भाऊ? मी 'ब' केलं, ताई. अडलं की मी 'ब'च करतो."

१७ मार्च
मंडळाने चूक मान्य केली. प्रश्न रद्द! नवरा शेजारीपाजारी सांगून आला. सरांनी क्लासच्या दारावर कागद लावलाय — 'आमच्याच विद्यार्थिनीने पकडली चूक!' तीच विद्यार्थिनी, जी उतारे वाचते.

२ एप्रिल
निकाल. एका गुणाने प्रवेश हुकला.

रद्द प्रश्नाचा गुण मंडळाने वाटला, पण 'ज्यांनी तो सोडवण्याचा प्रयत्न केला' त्यांनाच. माझा कोरा. भाचा त्या 'ब'च्या जोरावर काठावर पास. चॉकलेटचा डबा घेऊन ऑफिसात माझ्या टेबलाशी आला. "ताई, फक्त तुमच्यामुळे," म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला हो, हेच तर लागलं. हसून चॉकलेट घेतलं आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

९ एप्रिल
मंडळातून एका बाईंचा फोन. प्रश्नपत्रिका छापायला जाण्याआधी तपासायला याल का? दरवर्षीचं काम. अट एकच — तपासणाऱ्याला ही परीक्षा पुन्हा कधीच देता येत नाही. म्हणजे खुर्ची गेलीच होती, आता पदवीही कायमची गेली. तपासायला वेळ किती मिळेल, मी विचारलं. "हवा तेवढा घ्या," म्हणाल्या. असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. हो म्हणून बसले.