विंगेतली जागा

रोहा,
ता. ९ जानेवारी १९९४

ती. सौ. नूतनआत्यास,
नमिताचा शि. सा. न. वि. वि.

उत्तर लगेच लिही, हे आधीच लिहून ठेवते. शेवटी लिहिलं तर तिथवर पोचायच्या आत तू रंगाच्या वाट्या घेऊन बसशील. काकांना म्हणावं, एक दिवस मूर्ती थांबतील, मी थांबणार नाही.

माझ्या वर्गात धाटावचा हर्षद आहे. त्याने काल एक जाहिरात आणली. सहा फेब्रुवारीला रविवारी दुपारी तुमच्या पेणला मुंबईचं नाटक आहे. त्याच संस्थेचं नाटक त्याने पनवेलला पाहिलं, आणि तिथे दिव्यांच्या खोक्यापाशी धनेशदादा होता म्हणे. केस वाढलेले, अंगात काळा शर्ट, पण दादाच. हाक मारेपर्यंत गर्दीत गेला.

दोन वर्षं झाली गं आत्या. बाबांनी साहेबांना गळ घालून त्याला कंपनीत चिकटवलं आणि तो महिनाभरात नोकरी सोडून निघून गेला, तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नाही. बाबा शिफ्टवरून येतात, जेवतात, झोपतात. आई चार ताटं घेते आणि एक परत ठेवते. मला कालपासून एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडते, तेच पान पुन्हा वाचते.

जाहिरातीत लिहिलंय की कॉलेजच्या मुलांना ओळखपत्रावर अर्ध्या दरात तिकीट. पण तिकीट काढलं की खुर्चीत बसावं लागतं, आणि मला पडद्यामागे जायचंय. हर्षद म्हणतो, स्वयंसेवकांना फुकट सोडतात आणि चहा द्यायला आतही पाठवतात. तू विचारून कळव. बाबांना काही बोलू नकोस.

काकांना नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी पत्र लिहून रागाव.

तुझी,
नमिता

---

पेण,
ता. १५ जानेवारी १९९४

चि. नमितास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तिळगूळ सोबत पाठवते आहे. पुडी फाटली असेल तर दोष पोस्टाचा. तुझे पत्र वाचून मला रात्री झोप नाही आणि काकांनी दोन सोंडा पुन्हा रंगवल्या, एवढा गोंधळ तू रोह्यात बसून घातलास. लहानपणी गावच्या नाटकात पहिल्या घंटेला झोपणारी तू, आता तुला पडद्यामागे जायचंय.

नाटक आणणाऱ्या मंडळाचे हिरामण गुरुजी आमच्याच आळीत राहतात. त्यांच्याकडे जाऊन बसले. ते म्हणाले, ओळखपत्रावर फोटो आणि शिक्का हवा, मग अर्ध्या दराचे तिकीट मिळेल, पण मागच्या रांगांतले. कॉलेजने दहा मुलांची तिकिटे एकदम काढली तर सोबत येणारा अकरावा फुकट. तिसऱ्या घंटेनंतर खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर बाहेर ताटकळणाऱ्या मुलांना तसेच आत घेतात. आणि दारावर उभे राहून लोकांना जागा दाखवणारे जे, त्यांना तिकीटच नाही. पण ती मुले पेणच्या कॉलेजातली. बाहेरच्या मुलीला घ्यायचे तर तिच्या प्राचार्यांची चिठ्ठी लागेल.

धनेशचे मी त्यांना काही सांगितले नाही. पेणवरून इतक्यांदा गेला असेल, पण माझ्या दारात आला नाही. आला असता तर दोन दिले असते आणि मग जेवायला वाढले असते.

एक सांगते गो. तू येतेस ते भाऊला सांगून ये. त्याने मला विचारले तर मी खोटे बोलणार नाय. मला ते कधी जमले नाही.

वहिनीस नमस्कार. जिवाला फार घोर लावून घेऊ नकोस.

तुझी आत्या,
नूतन

---

रोहा,
ता. २७ जानेवारी १९९४

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी मिळाली, पण कशी ते ऐक. प्राचार्य आधी नाहीच म्हणाले. रोह्याच्या मुलीने पेणला जाऊन दारावर उभं राहायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. मग म्हणाले, दहा जण जमव, गट म्हणून पाठवतो आणि गटाची जबाबदारी तुझी. झालं. मी आठवडाभर वणवण फिरतेय. धाटावचे तिघे पटकन तयार झाले. कोलाडच्या दोघी बहिणींच्या घरी जाऊन त्यांच्या वडिलांना समजावलं. एकीने शब्द देऊन फिरवला, तेव्हा मी जिन्यातच रडले. एकाच्या ओळखपत्रावर फोटो नव्हता, त्याला फोटोग्राफरकडे अक्षरशः ओढत नेलं. हे सगळे नाटक बघायला येतायत. मी कशाला जातेय ते फक्त हर्षदला माहीत आहे.

बाबांना सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं. कॉलेजतर्फे पेणला नाटक आहे आणि आत्याकडे राहीन, इतकं. त्यांनी नाटक कसलं म्हणून विचारलं आणि मला नाव आठवेना. माझ्याकडे बघितलं आणि कॉलेजच्या परवानगीच्या कागदावर सही केली. पुढचं वाक्य तोंडात होतं, पण तोवर ते डबा घेऊन शिफ्टला निघाले.

आईला मी काहीच सांगितलेलं नाही. तरी काल भाकऱ्या भाजताना मान वर न करता तिने विचारलं, की नाटकवाल्या लोकांना वेळेवर जेवायला मिळतं का. मी म्हटलं, विचारून येते.

दिवस सरत नाहीत. दाराशी उभी राहा माझ्यासाठी.

तुझी,
नमिता

---

पेण,
ता. ७ फेब्रुवारी १९९४

ती. बाबांस,
नमिताचा शि. सा. नमस्कार.

तुमच्यासमोर उभी राहिले की शब्द फुटत नाही, म्हणून लिहिते. मुलं काल रात्रीच नीट पोचली असतील. मी बुधवारी येईन. रागावलात तर तोवर थोडं शांत व्हाल, असा हिशोब आहे.

बाबा, या नाटकाचे दिवे धनेशदादा सांभाळतो. मी त्यासाठीच आले होते.

मी दारावर बिल्ला लावून उभी होते. तिसरी घंटा झाली, बाहेरच्या मुलांना रिकाम्या खुर्च्यांवर बसवलं आणि चहाची किटली घेऊन मागे गेले. विंगेत काळोख. दादा एका पेटीसमोर उभा होता आणि त्याचे दोन्ही हात दांड्यांवर. त्याने मला पाहिलं. पण हात सोडले असते तर स्टेजवर अंधार झाला असता. त्याने हळूच सांगितलं की तिथेच उभी राहा, वायरीवर पाय देऊ नकोस.

मी पूर्ण अंक तशी उभी होते. तो बघत होता स्टेजकडे आणि विचारत होता मला. आई कशी आहे, तुमचा गुडघा कसा आहे, तुम्ही अजून रात्रपाळी करता का. एक प्रश्न विचारायचा, मग दांडी सरकवायची, मग माझं उत्तर ऐकायचं. शेवटी त्याने दिवे इतके सावकाश उतरवले की काळोख कधी झाला ते मला कळलंच नाही. त्या काळोखात त्याने माझ्या डोक्यात टपली मारली.

नंतर मी त्याला पत्र का नाही म्हणून विचारलं. म्हणाला, लिहिली आणि फाडली. तुम्ही त्याच्यासाठी साहेबांसमोर हात जोडले होते, ते त्याच्या डोळ्यांसमोरून जात नाही. मग घरी चल म्हटलं, तर म्हणाला, “बाबांनी बोलावलं तर येईन. आपण होऊन नाय यायचा.” मला इतका राग आला. तुम्ही दोघं एकाच मातीचे.

शनिवारी दुपारी त्यांचं नाटक महाडला आहे. मी फक्त कळवते आहे.

आईला सांगा, जेवण मिळतं, पण उशिरा.

तुमची,
नमिता

---

रोहा,
ता. १४ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. नूतन हिस,
बाबाजीचे अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाय हे तुला ठाऊक हाय. पण पोरीने घरी आल्यापासून काय झाले, काय झाले म्हणून डोके खाल्ले, आणि तिला सांगताना अर्धे सुटले. म्हणून तुला लिहितो.

शनिवारी रजा टाकली. कोलाडला जाऊन महाडची एसटी पकडली. महाडला नाटकाचे तिकीट देणाऱ्याने विचारले, घरात कोणी कॉलेजात हाय काय, ओळखपत्र असेल तर अर्ध्यात देतो. मी म्हटले, बघणारा मी हाय, पुरे द्या.

नाटक मला फारसे कळले नाही. लोक हसले की हसत होतो. उजेड वाढला की मी स्टेज सोडून बाजूच्या पडद्याकडे बघायचो. शेजारच्या माणसाला वाटले असेल, याचे काहीतरी हरवले हाय.

संपल्यावर मागे गेलो. तो एक दिवा उतरवत होता. मला बघून तो खाली ठेवला. गाडीत बसल्यापासून जे बोलायचे ठरवले होते त्यातले एक आठवेना. शेवटी विचारले की नाटक चालू असताना दिवा गेला तर तू काय करतोस. दुसरे काही सुचलेच नाही.

नूतन, तो बोलायला लागला. आधी अडखळत, मग हात धरून मला पेटीजवळ नेले. एकदा कुठेतरी भर नाटकात मोठा दिवा फुटला होता, त्याचे सांगत होता. लहानपणी ओढ्यावरून आला की असाच दम न घेता सांगायचा. इतक्यात त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला, माणसे हाका मारू लागली, त्याला जावे लागले.

कोलाडला उतरलो तेव्हा लक्षात आले की घरी ये म्हणायचे राहूनच गेले. घरी हिने विचारले, काय बोललात एवढा वेळ. मी म्हटले, दिव्यांचे.

नमिताकडून त्याचा पत्ता घेतला. आज सकाळी कार्डावर लिहिले, घरी ये. खाली सही केली. मग वाटले, एवढेच वाचून पोराला हुकूम वाटेल. थोडी जागा उरली होती, तिथे लिहिले की त्या फुटलेल्या दिव्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले.

तुम्हा दोघांची आठवण काढतो. पेणहून सवड काढून या.

तुझा भाऊ,
बाबाजी